तपासणाऱ्याची रिकामी जागा

वूहू, ९ मार्च २००९

मेंग रुइलान यांस,

तुम्हाला तू म्हणावं की तुम्ही, हे ठरवण्यात दोन कागद वाया गेले. तीस वर्षांपूर्वी तू म्हणत होतो. एवढ्या काळात माणूस पुन्हा तुम्ही होतो असं धरून चालतो.

मी ताओ जीयान, शब्दकोशाच्या कचेरीत खिडकीपाशी बसायचो तो. तेव्हा सदतीस वर्षांचा होतो तरी सगळे मला म्हातारे ताओ म्हणायचे. आता शब्दशः झालो आहे. ओळख पटायला आणखी काही लागत असेल तर हे घ्या: तुम्ही गावाहून केसाळ टोफूची, म्हणजे बुरशी आणून मुरवलेल्या टोफूची, बरणी आणायचात. वासाबद्दल पहिली तक्रार माझी असायची आणि पहिला तुकडाही माझाच. "म्हातारे ताओ, आधी नाक ठरवू दे की तोंड, मग काड्या उचला," असं तुम्ही एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होतात.

कामाचं लिहितो. कोशाची दुसरी आवृत्ती निघते आहे. मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. पण गुडघे गेले तरी डोळे शाबूत आहेत, हे पाहून त्यांनी मला परत बोलावलं आणि नऊ रेघांची अक्षरं माझ्यापुढे टाकली. त्यात 'शिन' आलं.

'शिन'बद्दल मी तुम्हाला काय सांगणार? जुन्या मजकुरांतली उदाहरणं उतरवलेली त्याची निम्मी कार्डं तुमच्या हातची. तरी उजळणी करतो, या वयात तो नाद लागतो. डावीकडे माणूस, उजवीकडे बोलणं. माणूस स्वतःच्या बोलण्याशेजारी उभा. म्हणून पहिला अर्थ खरेपणा, दिल्या शब्दाला जागणं. मग विश्वास. मग खूण, पुरावा, शिक्का. मग भरतीसारखं वेळेवर येणारं काहीही. अतिप्राचीन लष्करी नोंदींत 'एका जागी दोन रात्रींचा मुक्काम'. एका रात्रीला निराळं अक्षर आहे. आमची मुख्य संपादक फांग वेइ, माझ्याच हाताखाली शिकलेली, तिने विचारलं, "सर, हा अर्थ कुणाला लागणार?" मी म्हटलं, दोन रात्री राहणाऱ्याला. आणि सगळ्यात तळाशी सोमल हे विष, कारण तो ज्या गावाहून यायचा त्याच्या नावात हे अक्षर होतं. विश्वासापासून सोमलापर्यंत सगळं एका कप्प्यात.

अडलंय ते निरोप्या आणि पत्र यांच्यामध्ये. कित्येक शतकं 'शिन' म्हणजे निरोप घेऊन येणारा माणूस. तो निरोप द्यायचा आणि उत्तर मिळेपर्यंत दारात उभा राहायचा. पुढे कधीतरी माणूस गेला आणि त्याच्या हातातला कागदच 'शिन' झाला. हे नक्की कधी झालं, याचा एक चांगला पुरावा आमच्याकडे आहे. एकट्या पुराव्यावर अर्थ उभा करायचा नाही, हा नियम तुम्हाला माहीत आहे. दुसरा पुरावा म्हणजे तुमचं ते कार्ड. एका बाईला नवऱ्याकडून 'शिन' येतं आणि ती ते घडी करून बाहीत ठेवते. "निरोप्याची घडी करून बाहीत कशी ठेवणार, बाही केवढी असेल?" असं तुम्ही म्हणाला होतात, आणि अख्खी कचेरी हसली होती.

त्या कार्डावर ज्या जिल्हा-बखरीचं नाव होतं, तिच्यात ते वाक्य नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं. त्याचं पुढे काय झालं ते आपल्या दोघांना ठाऊक आहे. एखादी शिळा होती असं मला अंधुक आठवतं. ती कुठे होती हे तुम्हाला आठवत असेल तर कळवावं. ३१ जुलैला पानं बंद होतात.

बाकी ठीक. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी नानचिंगला असते.

ताओ जीयान

*

वूहू, ६ एप्रिल २००९

मेंग बाई,

उत्तर आलं नाही. पत्ता चुकला असेल असं म्हणायची सोय नाही. बाइशीच्या शाळेत फोन करून मीच तो दोनदा विचारून घेतला होता. फोनवरचे मास्तर म्हणाले, "मेंग बाई होय? आहेत की, ठणठणीत. आमच्या अर्ध्या गावाला त्यांनी अक्षरं शिकवलीत. तुम्ही कोण?" मी म्हणालो, कोशाच्या कचेरीतून बोलतोय. त्यावर त्यांनी कोरड्या आवाजात पत्ता सांगितला.

परवा आईवडिलांच्या कबरी झाडून आलो. वडिलांच्या दगडावर नावाखाली 'शिक्षक' एवढंच कोरलं आहे. तो एक शब्द परत मिळायला त्यांना बावीस वर्षं लागली. १९५७मध्ये 'उजवे' म्हणून त्यांच्यावर बसलेला डाग पुसल्याचा कागद १९७९च्या एप्रिलमध्ये आला, आणि दोन वर्षांनी ते स्वच्छ नावाने गेले. हे तुम्हाला का लिहितोय ते मला नीट माहीत नाही. माहीत आहे, पण आज लिहीत नाही.

मागच्या पत्रात एक सांगायचं राहिलं. कोशाच्या सुरुवातीला काम करणाऱ्यांची यादी असते. १९७८च्या चाचणी भागात तुमचं नाव आहे. मोठ्या कोशात नाही. दुसऱ्या आवृत्तीत ते परत यावं असं मला वाटतं. यादी रिवाजाप्रमाणे आडनावाच्या रेघांवर लागते. मेंगच्या आठ, ताओच्या दहा. 'शिन'च्या नऊ. हे मी गेल्या आठवड्यात मोजलं. चाळीस वर्षं रेघा मोजणाऱ्या माणसाला हे आता सुचावं, याची मला गंमत वाटली.

मार्च १९७९ची ती बैठक मला चांगली आठवते. प्रांताहून आलेले तपासनीस कार्ड टेबलावर ठेवून म्हणाले, "हा मजकूर या बखरीत कुठेच नाही. कार्ड कुणाचं?" उतरवणाऱ्याच्या जागी तुमचा शिक्का होता. तुम्ही कार्ड उचललंत. बराच वेळ पाहिलंत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "कार्ड माझं आहे."

अक्षर माझं आहे, असं तुम्ही म्हणाला नाहीत. हा फरक मला तेव्हाच कळला. बनावट पुरावा असा शेरा पडला, महिन्याभरात तुमची शहरात राहण्याची नोंद रद्द झाली आणि चहामळ्यातल्या शाळेवर बदली झाली. पहिली-दुसरीचे वर्ग. जुन्या शिळा वाचणाऱ्या बाईला अंकलिपी.

उत्तराची वाट पाहतो.

ताओ जीयान

*

वूहू, २७ एप्रिल २००९

मेंग बाई,

तुमचं कार्ड मिळालं. साधं पोस्टकार्ड, आणि त्यावर एवढंच: 'थर्मास कपाटावर कुणी ठेवला होता ते आधी लिहा. शिळेचं मग बघू.'

मी ठेवला होता.

आता लिहायलाच बसलोय तर सगळं लिहितो. कपाटाच्या दारावर सूचना होती की कार्डांजवळ पाणी, चहा, थर्मास आणू नये. सूचना माझ्या हातची. माझ्या अक्षराचं कौतुक व्हायचं म्हणून भिंतीवरचं सगळं मीच लिहायचो, आणि जे आपणच लिहिलंय ते आपल्याला लागू नसतं असा माझा समज असावा.

जून १९७८. जेवणानंतरची झोपेची वेळ. तुम्ही सगळे टेबलावर डोकी टेकून झोपला होतात. मी चहाला उठलो, जाता जाता 'शिन'चा कप्पा ओढला, कपाट हललं, वरचा थर्मास आडवा झाला. फुटला नाही. फुटला असता तर आवाज झाला असता, सगळे जागे झाले असते, मला चार शिव्या बसल्या असत्या आणि गोष्ट तिथेच संपली असती. फक्त बूच उडालं, आणि आख्खा थर्मास निवांतपणे कप्प्यात रिकामा झाला.

कार्डं सदऱ्यात गुंडाळून मी खाली बॉयलरच्या खोलीत नेली आणि बांबूच्या सुपांवर वाळत घातली. पेनची निळी शाई सगळीकडे पसरली होती. शिक्के तेवढे जसेच्या तसे. त्यांचा लाल लेप तेलात खललेला असतो, त्याला पाणी काही करू शकत नाही. मजकूर पुसलेला आणि नावं ठळक, अशी ती कार्डं दिसत होती. पुढच्या तीन दुपारी तुम्ही झोपलात आणि मी फिकट रेघांवरून पेन फिरवत बसलो. अकरा कार्डांची तळची ओळ, स्रोताची, पार गेली होती. दहा मला पाठ होत्या. अकरावी तुमची.

तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही चार हातांवर बसला होतात. पण विचारलं असतं तर कार्ड भिजलं कसं, हेही सांगावं लागलं असतं. शिळेचा मजकूर छापील बखरीत सापडला तर बखरीचं नाव द्यायचं, ही आपली रीत. ही शिळा त्या बखरीत असणारच, असं धरून मी नाव लिहिलं. खंड लिहिला. पानसुद्धा लिहिलं. पानाची जागा रिकामी बरी दिसत नव्हती, एवढंच कारण.

कबुली अर्धी देऊ नये, म्हणून दुसरं. तपासणाऱ्याच्या जागी माझा शिक्का त्याच्याही आधी पडला होता. शिळा मी पाहिली नव्हती. बाइशीची बस चार तासांची, रस्ता वाईट. तुम्ही म्हणालात, मी पाहिली. मी म्हटलं, मग पाहिली. आणि बैठकीत मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "कॉम्रेड मेंगवर विश्वास ठेवून शिक्का मारला." ते वाक्य मी तीस वर्षं जपलं आहे, कारण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. शिळेचा उल्लेख मात्र मी केला नाही. तो केला असता तर पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं असतं.

मला एक विचारायचं आहे. स्रोताची ओळ तुमच्या हातची नाही, हे तुम्ही पहिल्या नजरेत ओळखलंत. मग तुम्ही मूग गिळून का बसलात?

ताओ जीयान

*

वूहू, २२ मे २००९

मेंग बाई,

तुमचं उत्तर पाठ झालंय. तरी इथे उतरवून काढतो, म्हणजे मी नीट वाचलं याची तुम्हाला खात्री पटेल. 'तुमच्या वडिलांची फाईल त्याच महिन्यात वर गेली होती. मुलावर शेरा पडला असता तर ती परत खाली आली असती. हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं. वडिलांचं झाल्यावर तुम्ही बोलाल असं मी धरलं होतं. दोन वर्षं वाट पाहिली, मग वर्गातल्या पोरांमध्ये रमले. आता मला काय सांगताय? मला तर माहीतच होतं. कचेरीत सांगा.'

बरोबर आहे. १९७९च्या मेमध्ये मी बोलू शकत होतो. १९८१मध्ये वडील गेल्यावर तर नक्कीच. तेव्हा मला उपसंपादक केलं होतं.

म्हणून सोमवारी फांगच्या खोलीत गेलो. घरून वाक्य ठरवून गेलो होतो. झालं ते असं.

मी म्हणालो, "यादीत एक नाव घालायचंय. मेंग रुइलान."

तिने संगणकावर शोधलं. "सर, यांच्या फाईलवर शेरा आहे. बनावट पुरावा."

"तो चुकीचा आहे."

"असेल. पण मग कुणीतरी लेखी द्यायला हवं. ज्याला प्रत्यक्ष माहिती आहे अशा माणसाने." तिने चष्मा काढला. "आणि तेव्हाचे बहुतेक सगळे तर..." असं म्हणून तिने छताकडे बोट दाखवलं. "कोणी उरलंय का?"

मी म्हणालो, "बघतो कोणी आहे का." आणि घरी आलो.

हसलात तर हसा. मलाही घरी आल्यावर हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारणही सांगून टाकतो. सप्टेंबरमध्ये समारंभ आहे. ज्येष्ठ परीक्षक म्हणून माझं नाव वेगळ्या पानावर, मोठ्या ठशात येणार आहे; छातीवर लाल कागदी फूल लावतील; नानचिंगहून मुलगी नातीला घेऊन येणार आहे. कागदी फूल हो. एवढ्याचा लोभ सुटू नये, याची मला लाज वाटते.

शिळेबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. आता विचारायला मला तोंड नाही.

ताओ जीयान

*

वूहू, १९ जून २००९

मेंग बाई,

पार्सल पोचलं. शिळेचा कागदावर घेतलेला ठसा इथे माझ्या टेबलावर उलगडून ठेवलाय, चारी कोपऱ्यांवर चहाचे पेले ठेवून. (रिकामे आहेत.)

तुमची चिठ्ठी चारदा वाचली. धान्यकोठार पाडलं तेव्हा त्याच्या भिंतीतली ती शिळा कुठे गेली हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं, तुम्ही तीन आठवडे घरोघर विचारत हिंडलात, आणि शेवटी ती धुण्याच्या घाटाची तिसरी पायरी होऊन पालथी पडलेली निघाली. म्हणजे ज्या दगडावर तुम्ही वीस वर्षं कपडे आपटलेत, तोच. चार बायांनी बांबू घालून ती उलटी केली. शाईचा ठसा तुम्ही स्वतः घेतलात, पासष्टाव्या वर्षी, पाण्यात उभं राहून. अक्षरं अशी उठली आहेत की फांग बघून खुर्चीतून उठलीच.

आणि ठशाबरोबर ते कार्ड. जुन्या मापाचं, तुम्ही स्वतः कापलेलं. वर 'शिन'. खाली वाक्य: परगावी शिपाईगिरीवर असलेल्या नवऱ्याकडून 'शिन' आलं, ते घडी करून तिने बाहीत ठेवलं, पुढे तिला मूठमाती दिली तेव्हाही ते बाहीत होतं. स्रोत: शिळा, बाइशी, धुण्याचा घाट, तिसरी पायरी. उतरवणार: तुमचा तोच जुना शिक्का. तपासणाऱ्याची जागा रिकामी. सोबत तुमची ओळ: 'उतरवणारा आणि तपासणारा एकच नसावा. नियम तुमच्याच अक्षरात भिंतीवर होता.'

फांग म्हणाली, "सर, झालं की काम. तुमचा शिक्का मारून टाका. ठसा तर समोर आहे, त्यासाठी कशाला एवढा प्रवास करता, ते गुडघे घेऊन?"

शिक्का माझ्या खिशातच असतो. मी तो काढला, लाल लेपावर टेकवला, उचलला. कार्डापासून बोटभर अंतरावर हात थांबला. मोठं काही मनात आलं नाही. एवढंच आलं की हेच मी एकदा केलेलं आहे.

शिक्का पुसून खिशात ठेवला आणि फांगला म्हणालो, "बस. तो उरलेला माणूस सापडलाय."

सगळं सांगितलं. संपल्यावर ती म्हणाली, "थर्मास?"

"थर्मास."

"सर, एका थर्मासपायी तीस वर्षं?"

"थर्मासपायी नाही," मी म्हणालो. "थर्मासपायी तीन दुपारी गेल्या. तीस वर्षं माझ्यापायी."

माझ्याबद्दल तिला आदर होता, तो तिच्या चेहऱ्यावरून उतरताना मी पाहिला. मला त्याचंच भय होतं. झालं, आणि मी खुर्चीत होतो तसाच बसून राहिलो. मग तिने कागद पुढे सरकवला. "लेखी द्या. आणि सर, ते मोठ्या ठशातलं पान बहुधा राहणार नाही."

"साध्या यादीत ठेवलंत तर दहा रेघांत बघा," मी म्हणालो. "नाही ठेवलंत तरी समजेन."

पान-दीड पान झालं. त्याखाली शिक्का मारला. मंडळाची बैठक काल झाली. शेरा माझ्या जबाबावरून काढायचा. पण तुमचं नाव यादीत घालायचं तर कार्ड पूर्ण हवं, तपासणाऱ्याने मूळ शिळा डोळ्यांनी पाहून. दुसरा कोणी पाठवू का, असं फांगने विचारलं. मी नको म्हणालो. माझ्या नावाचं काय करायचं ते पुढच्या बैठकीत ठरवणार आहेत.

बस अजूनही चार तासांचीच आहे, अशी चौकशी केली. कधी येईन ते कळवत नाही. कळवलं तर तुम्ही त्या दिवशी, चिठ्ठीत जिचा उल्लेख केलात त्या भाचीकडे निघून जाल, अशी मला भीती आहे.

ताओ जीयान

*

बाइशी, ८ जुलै २००९

रुइलान,

हे तुझ्या गावच्या धर्मशाळेवजा हॉटेलात बसून लिहितोय. तू म्हणतोय, खपवून घे.

आज सकाळी घाटावर गेलो. तिसऱ्या पायरीच्या जागी आता सिमेंटची लादी आहे, आणि शिळा बाजूला, दोन विटांवर, तोंड वर करून. एक बाई भाजी धूत होती. मी वाकून एकेका अक्षरावरून बोट फिरवत होतो, हातात तुझं कार्ड. तिने थोडा वेळ पाहिलं.

"मेंग बाईंचा दगड बघायला आलात?"

"हो."

"त्या दगडापायी चार दिवस आम्हाला वरच्या घाटावर कपडे न्यावे लागले. बाई कुणाला जवळ येऊ देईनात. कागद वाळायचाय म्हणे." तिने भाजी झटकली. "वूहूहून आलात?"

"हो."

"मग तुम्हीच काय ते थर्मासवाले?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ती भाजी घेऊन उठली, जाता जाता म्हणाली, "गुडघ्याला जपा, शेवाळ आहे," आणि वरच्या गल्लीतून दोघी-तिघींना हाका मारत गेली. म्हणजे मी आलोय हे तुला या पत्राच्या आधीच कळलेलं असणार. तू भाचीकडे गेली नाहीस, असं हॉटेलवाल्याकडून कळलं.

एक्केचाळीस अक्षरं आहेत. सगळी ताडून पाहिली, एकदा उजवीकडून आणि एकदा उलट. चूक नाही. तीस वर्षांपूर्वीही नव्हती.

शिक्का तिथेच मारला, दगडावर कार्ड ठेवून. बघायला बदकांखेरीज कोणी नव्हतं. हात थोडा हलला, त्यामुळे ताओच्या दहातली एक रेघ जाड आली आहे. दुसरं कार्ड करणार नाही. ते असंच जाईल.

आता कामाचं संपलं. जे कार्डावर लिहायला जागा नसते ते लिहितो. मी चुकलो. घाबरून चुकलो तेवढं एकदाच, त्यानंतरची सगळी वर्षं सोय म्हणून. तुझं काम मी घेतलं, तुझं शहर घेतलं, आणि त्यावर माझं चांगलं नाव बांधलं. वडिलांसाठी तू जे केलंस त्याचे आभार मानायला मी १९७९मध्ये यायला हवं होतं. यादीतल्या नावाने यातलं काही फिटत नाही, हे मला कळतं. तू मला माफ करावंस असं मी मागत नाही. मागायची इच्छा आहे.

मी इथे दोन रात्री आहे. परवा सकाळच्या बसने जाईन.

हे पत्र पेटीत टाकत नाही. तुझं घर इथून दोन गल्ल्यांवर आहे, मीच घेऊन येतो. तू उघडून वाचेपर्यंत मी दारात उभा असेन. सावकाश वाच, उत्तराची घाई नाही. थांबायची सवय मला नाही, पण निरोप्याने थांबायचं असतं.

ताओ